जुन्या गाडीचा गंज: कोल्हापूरच्या पावसात पत्रा कसा टिकवायचा

जुनी गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे नेली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं: "मालक, घासून लांबी मारतो, कलर बसला की नवी हुतीय बघा." आणि गाडी खरंच नवी होते. पुढच्या श्रावणापर्यंत. मग त्याच जागी रंगाला बारीक फोड येतात, दिवाळीला ते फुटतात आणि शिमग्याच्या सुमाराला लांबीचा, म्हणजे पत्र्यावर खड्डे भरायला मारलेल्या पुट्टीचा, पोपडाच हातात येतो. यात कारागिराचा हात वाईट असतो असं नाही. गंज हे रंगाचं दुखणं समजून आपण पैसे मोजतो, आणि ते दुखणं पाण्याचं असतं. पाणी कुठून येतं आणि कुठे अडून बसतं हे शोधल्याशिवाय केलेला कुठलाही खर्च तात्पुरताच.

लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की गंज धरतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, म्हणून तो आतून फुगतो आणि रंग उचलतो. रुपयाएवढा फोड दिसला तर आतला पत्रा बहुधा तळहाताएवढा लागलेला असतो. गंज सच्छिद्र असल्याने ओल धरून ठेवतो, त्यामुळे एकदा सुरू झाला की आपला आपण वाढत जातो.

परदेशातले व्हिडिओ पाहून काम करणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. तिकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाडी खालून गंजते. आपल्याकडचा गंज चिखलाचा आणि आत साचलेल्या पाण्याचा. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस, पण पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरच्या गगनबावड्यात त्याच्या कित्येक पट. शिवाय गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेली शेतातली काळी माती. ती मडगार्डच्या आत जाऊन बसते आणि ओल आठवडाभर सोडत नाही. मीठही आहे, पण ते घाटाखालून येतं. करूळ किंवा फोंडा घाट उतरून मालवण-देवगडला दोन दिवस राहिलं की खारी हवा गाडीसोबत परत येते.

काम कधी काढायचं

फेब्रुवारी ते मे. याला पर्याय नाही. जुलैत घासून उघडा केलेला पत्रा काही तासांत तांबूस होतो, आणि तो तांबूसपणा प्रायमरखाली गेला की सगळी मेहनत वाया. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तर दमट हवेत पांढरट पडतो. पावसाळ्यात फोड दिसला तर सुकवून, घासून तात्पुरता प्रायमर लावा आणि खरं काम उन्हाळ्यावर ठेवा. मेच्या शेवटच्या आठवड्यात डेंटिंगच्या दुकानांत रांगा लागतात, म्हणून काम सांगायला मार्चमध्येच जा.

आधी गाडी उघडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मी तर म्हणेन की अर्धं काम तपासणीचं आणि अर्धं हातांचं.

गाडी खालून-वरून धुऊन एक दिवस उन्हात दारं उघडी टाकून सुकवा. मग एक टॉर्च, एक बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि फ्रिजवर लावतात तसला हलका लोहचुंबक घ्या. मोठा, जोरदार चुंबक नको. तो जाड लांबीवरूनही धरतो आणि फसवतो. चुंबक मऊ कापडात गुंडाळून दारांच्या खालच्या कडांवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे खाली पत्रा नाही, लांबी आहे. सेकंड हँड गाडी घेतानाही हीच तपासणी आधी करावी.

आता जागा. दाराच्या खालच्या कडेला आतून तीन-चार बारीक भोकं असतात. काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी तिथून बाहेर पडायला हवं. मातीनं ती बुजतात, किंवा मागच्या वेळच्या रंगकामात कुणीतरी लांबीनं बुजवून टाकलेली असतात, आणि दाराच्या आत पाणी साठून राहतं. दार उघडून हलवा. आत डबडब आवाज आला तर कारण सापडलं. भोकं तारेनं मोकळी करा. या कामाला एक रुपया लागत नाही आणि यानं जेवढे दरवाजे वाचतात तेवढे कुठल्याच महाग कोटिंगनं वाचत नाहीत.

बॉनेट आणि समोरच्या काचेच्या मधे जी जाळी असते, तिच्याखालची पन्हळ बघा. गाडी गुलमोहोर किंवा चिंचेखाली उभी असेल तर ती बारीक पानांनी गच्च भरलेली असते. पाणी तुंबलं की ते आत शिरतं आणि पायाखाली उतरतं. काचेच्या बिडिंगखाली (कडेच्या रबरी पट्टीखाली) तपकिरी रेघ दिसली तर काच काढूनच काम करावं लागेल, वरून रंग मारून नाही.

मग मॅट उचला. नुसतं रबरी मॅट नाही, त्याखालचा कार्पेट आणि त्याच्याखालचा नमदाही. हा नमदा ओल महिनोन् महिने धरून ठेवतो. चालकाशेजारच्या बाजूला ओल असेल तर बऱ्याचदा दोष पावसाचा नसतोच. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते आणि ते पाणी बाहेर पडायच्या ऐवजी गाडीत येतं. एसी दहा मिनिटं चालवून गाडीखाली थेंब पडतात का बघा. पडत नसतील तर आधी ती नळी साफ करा, फ्लोअरचा पत्रा नंतर.

पुढे डिकीत स्टेपनीची खळगी, मागच्या दिव्यांची रबरं, बॅटरीखालचा ट्रे (इथे पावसाचा नाही, ॲसिडचा गंज असतो), पेट्रोल टाकीची भरण्याची नळी, ब्रेकच्या पाइपा. ब्रेकचा पाइप खवलेदार दिसला तर घासत बसू नका, बदलून टाका.

शेवटी खाली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. भक्कम स्टँड लावा किंवा ओळखीच्या गॅरेजात लिफ्टवर घ्या. रनिंग बोर्ड (दारांखालची लांबट पोकळ पेटी), जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शन जिथे बोल्टनं बसतं त्या जागा स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बघा. टणक लागला तर ठीक. चुरचुर आवाज येऊन टोक आत गेलं तर तो पत्रा संपला.

गंज कोणत्या पायरीचा आहे

पहिली पायरी वरवरची: रंग गेला, पत्रा तांबडा झाला, पण हाताला गुळगुळीत लागतो. दुसरी खवल्यांची: पापुद्रे निघतात, खाली खड्डे पडलेत, तरी पत्रा दाबला जात नाही. तिसरी आरपार. पहिल्या दोन घरच्या अंगणात होतात. तिसरीला वेल्डिंग लागतं.

मात्र जागा कोणती, हा प्रश्न पायरीपेक्षा मोठा आहे. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांना वेगळी चॅसिस नसते. फ्लोअर, रनिंग बोर्ड आणि आतल्या पेट्या मिळूनच गाडीचा सांगाडा बनतो. तिथलं भोक म्हणजे फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, धडकेत गाडी किती टिकेल त्याचा आहे. बोलेरो, सुमो, क्वालिससारख्या गाड्यांना खाली चॅसिस असते, तिथे फ्लोअर सडला तरी निभावतं, पण चॅसिसच खवलेदार झाली असेल तर ते काम जाणत्या माणसाचं. सस्पेन्शन, सीट बेल्टचे बोल्ट आणि स्टिअरिंग जिथे बसतं, त्या जागी घरगुती प्रयोग करायचे नाहीत.

घरी करता येईल असं काम

सामान साधं आहे: ८०, १२०, २२०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे पेपर, तारेचा ब्रश, मास्किंग टेप, थिनर, फॉस्फोरिक ॲसिडवर आधारलेलं गंज काढायचं द्रावण, दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर, थोडी लांबी, सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर), रंग आणि क्लिअर लॅकर. लक्ष्मीपुरीत आणि उद्यमनगरच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. रंगासाठी गाडीवरच्या पट्टीवरचा कलर कोड दुकानदाराला द्या. तरी वीस वर्षं उन्हात राहिलेला रंग कोडशी जुळेलच असं नाही, म्हणून पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून सोबत न्या आणि त्यावरून मिसळून घ्या. चष्मा, हातमोजे आणि धुळीचा मास्क लागतीलच. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ पोरांच्या खेळायच्या जागेत उडवायची नाही.

आधी थिनरच्या फडक्यानं पुसा, मग घासा. क्रम उलटा केला तर जुनं पॉलिश आणि तेल पेपरबरोबर पत्र्यात घासलं जातं आणि पुढे रंग धरत नाही. गंज दिसतो त्याच्या निदान एक इंच पुढपर्यंत ८० नंबरनं घासा. चकचकीत पत्रा चारी बाजूंनी दिसेपर्यंत थांबायचं नाही. मग १२०, २२०, ३२० असं चढत जाऊन जुन्या रंगाची कड इतकी उतरती करा की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागू नये.

आता उजेडात जवळून बघा. चकचकीत पत्र्यात मोहरीसारखे काळे ठिपके दिसतील. तो खड्ड्यांत उरलेला गंज. पेपर तिथे पोचत नाही. तिथे ॲसिडचं काम. ब्रशनं द्रावण लावा, बाटलीवर लिहिलेला वेळ ते ओलं ठेवा, तारेच्या ब्रशनं खरवडा, गरज पडली तर पुन्हा लावा. मग पाण्यानं स्वच्छ धुऊन लगेच कोरडं करा. हेअर ड्रायर किंवा हीट गन हाताशी असली तर उत्तम. ॲसिडचा अंश राहिला तर त्यावर इपॉक्सी नीट चिकटत नाही. काही द्रावणं धुवायची नसतात, ती गंजाचा काळा थर करून तशीच ठेवायची असतात. दोन्ही प्रकार बाजारात शेजारी-शेजारी ठेवलेले असतात, त्यामुळे बाटली वाचा. काळा थर करणारं द्रावण खवल्यांवर ओतून काहीही साधत नाही. सुटा गंज आधी हातानं निघालाच पाहिजे.

त्याच दिवशी, संध्याकाळची ओल पडायच्या आत, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. खिडकीच्या ग्रिलला मारतात तो साधा रेड ऑक्साईड इथे नको. तो स्वस्त आहे, लावायला सोपा आहे, पण पाणी रोखत नाही.

लांबीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडचं सगळं बिघडतं ते इथेच. लांबी पाणी पिते. उघड्या पत्र्यावर लांबी लावून ती पाण्यानं घासायची, ही पद्धत गावोगाव चालते. ते पाणी लांबीतून पत्र्यापर्यंत जातं, वरून रंग बसतो आणि ओल आत कोंडली जाते. म्हणून इपॉक्सीवरच लांबी लावा, दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, आणि लांबी कोरडीच घासा. हार्डनर वजनाच्या साधारण दोन टक्के. लवकर सुकावी म्हणून जास्त टाकला की काही दिवसांनी वरच्या रंगात डाग उमटतो. खळगा खोल असेल तर पत्रा ठोकून वर काढायचा. लांबी भरून सपाट करायचा नाही.

त्यावर सरफेसरचे दोन-तीन हात. तो सुकल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरनं, हवं तर आता पाणी वापरून घासा. पूर्ण सुकवा. मग रंगाचे पातळ तीन-चार हात, मधे दहा-पंधरा मिनिटं सोडून, आणि वर क्लिअर. घरी स्प्रे कॅन पुरतो. दोन डब्यांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग घरच्या अंगणात साध्या मास्कवर फवारू नका. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना कायमची इजा करू शकतो. तेवढं काम रंगाची बंद खोली (बूथ) असलेल्याकडे द्या.

भोक पडलंय तेव्हा

भोकावर फायबरची जाळी आणि लांबी, किंवा अल्युमिनियमचा तुकडा आणि रिव्हेट, ही विकायच्या गाडीची दुरुस्ती. पत्रा कापून नवा बसवणं हीच खरी. यात कोल्हापूरकर नशीबवान आहेत. फाउंड्री आणि मशीन शॉपवर वाढलेलं हे शहर. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे पत्रा हव्या त्या आकारात वाकवून देणारा माणूस सापडतोच. जुन्या गाडीचा तयार फ्लोअर मिळत नसेल तर सडलेला भाग काढून नमुना म्हणून न्या.

कारागिराशी बोलताना चार गोष्टी आधीच ठरवा. सडका पत्रा जाड, पांढरा धातू लागेपर्यंत कापायचा. त्याच्यावर नवा पत्रा पांघरायचा नाही, कारण दोन पत्र्यांमधे पाणी अडकून वर्षभरात दोन्ही जातात. बाहेरच्या पत्र्याला २२ गेज, फ्लोअरला २० गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा. वेल्डिंग गॅसच्या ज्योतीचं नको, सीओटूचं (विजेवर, तारेनं होणारं), आणि सलग रेघ न ओढता अंतर सोडून छोटे टाके घेत. सलग ओढल्यास पत्रा तापून वळतो. गॅसच्या ज्योतीनं तर आतल्या बाजूचा शाबूत रंगही हातभर जळतो आणि गंज तिथूनच परत सुरू होतो. चौथी गोष्ट, सांध्यावर सीम सीलर, म्हणजे फट बुजवणारा लेप.

वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढलेली, कार्पेट आणि सीट बाहेर, पेट्रोलची नळी कुठून जाते ते पाहिलेलं, आणि आग विझवायचं साधन हाताशी. सीएनजी किंवा एलपीजीची गाडी असेल तर आधी किटवाल्याकडून टाकी उतरवून घ्या. "काय हुत न्हाई मालक" हे उत्तर इथे चालवून घ्यायचं नाही.

आणखी एक सोय वापरण्यासारखी आहे. बॅटरी ट्रे, ब्रॅकेट, लोखंडी रिम असे सुटे भाग पावडर कोटिंगवाल्याकडे द्या. चांगल्या युनिटमधे गंज काढून फॉस्फेटिंग करूनच पावडर मारतात, आणि ते काम हाताच्या रंगापेक्षा कितीतरी टिकतं. जीपची सुटी केलेली चॅसिस ब्लास्टिंगला (वाळू किंवा छर्रे मारून गंज काढायला) द्यायलाही हरकत नाही. दारं, बॉनेट मात्र फाउंड्रीच्या शॉट ब्लास्टिंगमधे घालू नका. पातळ पत्रा मार खाऊन लाटा धरतो.

वरून दिसत नाही त्या पोकळ्या

बाहेरून रंग झाला म्हणजे निम्मं झालं. रनिंग बोर्डच्या आत, दारांच्या तळाशी, चॅसिसच्या पेटीत लांब नळीच्या फवाऱ्यानं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारून घ्या. ते रेंगाळत सांध्यांत शिरतं आणि पाण्याला जागा सोडत नाही. वेल्डिंग आणि रंग पूर्ण झाल्यावरच मारायचं, आणि मारून झाल्यावर पाण्याची भोकं पुन्हा तारेनं मोकळी करायची.

अंडरबॉडी कोटिंगवर माझं मत कडवट आहे. स्वच्छ, प्रायमर केलेल्या पत्र्यावर ते उत्तम. पण जुन्या गाडीला चिखल आणि गंजासकट काळं डांबर फासून देतात, तेव्हा कोटिंगच्या मागे गंज निवांत वाढतो आणि तुम्हाला दिसतही नाही. त्यापेक्षा उघडा पत्रा बरा, निदान डोळ्यांसमोर तरी राहतो. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल फवारतात तेही नको म्हणा. रबरी बुश फुगतात, ऑइलवर धूळ बसून चिकट लगदा होतो, आणि बाकीचं पावसाबरोबर रस्त्यावरून पंचगंगेत.

पुराचं पाणी गेलं असेल तर

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका. गाडी हलवायची ती ३९ च्या आधी. २०१९ आणि २०२१ मधे ज्यांच्या गाड्या बुडाल्या त्यांना ठाऊक आहे की पाणी उतरतं, गाळ उतरत नाही. अशी गाडी चालू न करता उचलून न्या, विमा असेल तर आधी फोटो काढून कळवा. मग गंजासाठी: सीटा, कार्पेट, दारांचे आतले पॅनेल काढा, फ्लोअरची रबरी बुचं उघडा आणि पोकळ्यांतला गाळ कमी दाबाच्या स्वच्छ पाण्यानं धुऊन काढा. जोरदार प्रेशरनं तो आणखी आत जातो. नमदा वाळवून परत घालू नका, नवा घ्या. पुरातून आलेल्या गाडीचा गंज दीड-दोन वर्षांनी रनिंग बोर्डमधून बाहेर दिसतो, त्यामुळे कॅव्हिटी वॅक्सचं काम त्याच उन्हाळ्यात उरकून घ्या.

दर वर्षीचं

मेच्या शेवटी भोकं, पन्हळ आणि एसीची नळी मोकळी करा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा नुसत्या पाइपनं चाकांच्या कमानी आतून धुवा. वर चमकवली नाही तरी चालेल. कोकणातून आलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी खालून गोड्या पाण्यानं धुलाई. समुद्राच्या वाळूत गाडी घालण्याची हौस असेल तर जुनी गाडी घालू नका. पावसात नायलॉनचं कव्हर घालून गाडी उभी करण्यापेक्षा उघडी बरी, आतली वाफ कोंडून राहते. शेड असेल आणि वारा खेळत असेल तर कव्हर लागतच नाही. दसऱ्याला गाडी धुऊन हार घालायच्या आधी मॅट-कार्पेट काढून उन्हात टाका आणि फ्लोअरवर हात फिरवा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. त्या तारखेच्या आदल्या उन्हाळ्यात ही सगळी तपासणी करून अंदाजपत्रक काढा. दोन्ही रनिंग बोर्ड, फ्लोअर आणि सस्पेन्शनच्या जागा एकदम गेल्या असतील तर पत्राकामाचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो. अशा वेळी त्याच मॉडेलची, इंजिन गेलेली पण बॉडी चांगली असलेली कोरड्या भागातली गाडी बघा. जत, आटपाडी, सांगोल्याकडच्या गाड्यांचा फ्लोअर पाहिलात की फरक लगेच कळेल. इंजिन आपल्याकडे कुणीही बांधून देतो, सांगाडा बांधून देणारे मोजकेच.